आरोह नामे अल्बम परमुलखी गेला त्याची हकिकत

श्रीशारदा प्रसन्न. सुरांची देवता आणि विजेची देवता या दोघींस आधी नमन, कारण पहिली रुसली तर गाणे सुचत नाही आणि दुसरी रुसली तर सुचलेले गाणे जपून ठेवता येत नाही. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मासी राज्यात जे वर्तमान घडले ते कानी आले तैसे लिहितो. पदरचे मीठमिरे कोठे पडले असेल तर ते चवीपुरते पडले, ऐसे समजून घ्यावे.

तो हंगामच न्यारा. राज्यात नवी गाणी उदंड जाहली. पूर्वी गाणे करावयाचे तर सिनेमाच्या थोर सरदारांच्या देवडीवर वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे, आणि आत बोलावणे आले तरी चहा पाजून परत पाठवीत. आता तैसे राहिले नाही. ज्याचे घरी एक माईक, एक लॅपटॉप आणि सोशिक शेजारी, तो आपल्या जागी छत्रपती. उत्तरेकडील दोघी बहिणींनी युकुलेली छेडून 'लिफ्ट बंद आहे' ऐसे गाणे काढिले आणि ते चार दिवसांत थोरामोठ्यांचे तोंडी बसले. आणि कोकणपट्टीतील एका बँकेच्या कारकुनाने 'तू सीन केलंस', म्हणजे निरोप वाचलास आणि जबाब दिला नाहीस, ऐसे गाणे केले की ज्यांचे जन्मात कोणाशी बिनसले नव्हते तेही ऐकून हळहळले. आणि घाटावरील एका पथकाने संभळ व विजेवरचा सिंथ यांची सोयरीक जुळवून अल्बमाची तारीख जाहीर केली, मग ती पुढे ढकलली, मग पुन्हा जाहीर केली आणि लोक दोन्ही वेळा सारखेच नाचले. गाणी निघावी ती शुक्रवारी, ऐसा या व्यापाराचा जगभर रिवाज. का म्हणून पुसले तर कोणी सांगत नाही, जैसे न्हाव्याचे दुकान सोमवारी का बंद हे कोणी सांगत नाही. परंतु त्या हंगामी शुक्रवार उजाडला की तरणीताठी मंडळी दात घासण्याआधी कानांत इअरफोन घालीत, ऐसा उत्साह. जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली, ती त्यांनी प्रत्येक पिढीत मुरडली आहेत.

ऐशा समयी ऋजुताबाई गुरव यांनी मोहीम मांडली. बाईंचे वय सत्तावीस, अंगलट किरकोळ, परंतु गळा ऐसा की हळू गायिल्या तरी मागल्या ओळीतला माणूस पुढे सरकून बसे. वाडवडील देवळात सनई-चौघडा वाजवीत, बाईंनी गिटार धरिली, आणि तीर्थरूप बोलिले, "वाजवतेस ना? मग झालं. देव काही वाद्य विचारत नाही." बाईंचे पदरी दोन मानकरी. एक ग्लेनराव डाबरे, वसईकडील, बास गिटारीवर हुकमत, बोलणे थोडके आणि जेवणे भरपूर. दुसरे यासीनमिया मुजावर, ढोल-तबल्यापासून लॅपटॉपापर्यंत सर्व कारभार यांचेकडे. यासीनमियांचा एक अभिमान ऐसा की दहावीच्या परीक्षेत संस्कृतात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले होते, आणि उरलेले दोन तपासनिसाच्या चुकीने गेले हे ते अद्याप सिद्ध करीत असत. हा अभिमान पुढे काय रंग दाखवितो ते ध्यानी यावे.

गड म्हणावा तर पाटणेकाकांच्या पिठाच्या गिरणीवरील पत्र्याची माडी. भिंतींस अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या ठोकून तटबंदी केली होती. परंतु खाली गिरणी चालू असता वर सूर लागेना, कारण प्रत्येक गाण्यात ज्वारी दळल्याचा आवाज उतरे. म्हणोन गिरणी दुपारी एक ते चार बंद राही तेवढ्यात ध्वनिमुद्रण उरकणे भाग पडे. तीन वर्षे ही मंडळी रोज दुपारी जेवणे टाकून गडावर चढली. चारास पाच कमी असता काका खालून हाक मारीत, "ए पोरांनो, झालं का गाणं? लावू का चक्की?" आणि वरून बाई ओरडत, "काका, एक ओळ! एकच ओळ राहिलीय!" आणि काका दोन मिनिटे थांबत. ऐशी दोन-दोन मिनिटे उसनी घेऊन आठ गाणी सिद्ध जाहली. त्या आठांस बाई कौतुके अष्टप्रधान म्हणत. त्यांतील मुख्य प्रधान 'आरोह', आणि अल्बमाचे नावही तेच. गाणे साधे होते. सा पासून ओळीगणिक एकेक सूर वर चढत जाणारे.

सा वरून रे वर यायला
वर्ष माझं सरलं,
ग म तुझ्या जिन्यापाशी
प ला पाऊल अडलं.

ऐसे चढत चढत नि पावेतो जाई आणि तेथेच थांबे. वरचा सा लागत नसे. ग्लेनराव म्हणत, "ऋजू, अगं घशात घास अडकल्यासारखं होतं." बाई म्हणत, "तेच तर पाहिजे."

आता शपथेचे वर्तमान. ग्लेनरावांस मस्कतच्या बंदरातून चाकरीचे पत्र आले होते आणि महिनाअखेर उत्तर देणे होते. घरी थकलेली आई, धाकटीचे शिक्षण, रावांचा जीव दोहींकडे ओढला गेला. बास गिटारवाला गेला तर पथक राहत नाही. तबला नसला तर टाळ्या चालतात, परंतु खालचा सूर नसला तर गाणे हवेत लोंबते. मग तिघांनी विचार केला आणि पूर्वीचे वीर बेलभंडार उचलीत, येथे बेलही नाही आणि भंडाराही नाही, तर गिरणीतील मूठभर ज्वारीचे पीठ हाती धरून आणभाक केली. अल्बम निघाल्यापासून सात दिवसांत दहा हजार माणसांनी ऐकिला तर ग्लेनराव मस्कतास नकार देतील आणि पथक अखंड राहील. न ऐकिला तर पथक मोडावे, ज्याची वाट त्यास मोकळी, कोणी कोणास बोल लावू नये.

दहा हजार कान जमवावे कैसे? याची एकच खिंड होती. मोबाईलवर गाणी ऐकविणाऱ्या हवेतील मोठ्या गाणेबाजारात भाषेगणिक एकेक ताज्या गाण्यांची यादी दर शुक्रवारी लागे. मराठीच्या यादीत जागा वीस. त्या यादीच्या दिवाण पद्मजाताई कर्णिक, कान तीक्ष्ण आणि शिफारशीस वैरी. यादीत नाव लागले की दहा हजार म्हणजे दोन दिवसांचे काम, न लागले तर आप्तेष्टांस निरोप धाडून दोनशे. बाईंनी ताईंस पुसले तेव्हा ताई बोलिल्या, "फॉर्म भरून रीतसर पाठव. माझ्या भाषेत आलेलं प्रत्येक गाणं मी शेवटपर्यंत ऐकते. ओळखपाळख नको." यावर बाई हर्षभरित जाहल्या, कारण गाण्यावर त्यांचा भरवसा होता. मागे एका बड्या कंपनीचा वकील येऊन "हेच हिंदीत करा, उद्या उचलतो" ऐसे बोलून गेला होता आणि बाईंनी त्यास चहा पाजून वाटेला लाविले होते. सूर बाईंस मराठीत सुचला तर शब्द दुसरे कोठून आणावे!

फॉर्म भरण्याचा मान यासीनमियांकडे. दुपारचे दोन वाजले होते, गिरणी शांत होती, ग्लेनराव डबा खात होते. मिया फॉर्म भरू लागले तो पहिलीच अट ऐशी की गाण्याचे नाव इंग्रजी अक्षरांत लिहावे. मियांनी ए, आर, ओ, एच लिहिले आणि थांबले. मग बोलिले, "हे चूक आहे." ग्लेनराव म्हणाले, "काय चूक? आरोह. बरोबर आहे की." मिया बोलिले, "ह चा पाय मोडलाय का आरोहमध्ये? नाही ना? पूर्ण ह आहे, त्यात अ आहे. देवनागरीत पाय मोडलेला नाही, तर इंग्रजीत का मोडायचा?" ग्लेनराव म्हणाले, "बाबा, भर तो फॉर्म." परंतु अठ्ठ्याण्णव गुणांचा माणूस, ऐकतो कैसा! मियांनी शेवटी आणिक एक ए जोडिला. आरोहा ऐसे जाहले.

येथेच घात जाहला. सातासमुद्रापलीकडे, जेथे सूर्य सर्वांआधी उगवतो, तेथील बेटांवर माओरी नामे लोक राहतात. त्यांचे भाषेत नेमका हाच शब्द आहे, अक्षरास अक्षर तोच, आणि त्याचा अर्थ प्रेम. फॉर्म होता दीडशहाणा. त्याने तो शब्द पाहिला आणि पुढील रकान्यात आपण होऊन भाषा भरून टाकिली, माओरी. यासीनमियांची दृष्टी त्यावरून फिरली, आरंभी एम-ए दिसला, पुढे आर आणि शेवटी आय दिसला, बाकीचे कोण पाहतो? मराठीच असणार, ऐसे मनाशी म्हणोन मियांनी बटण दाबिले. आणि अष्टप्रधान सारे परमुलखी रवाना जाहले, आणि कोणास गंधवार्ता नाही. मिया वर हात झटकून बोलिले, "झालं. शुद्धलेखनासकट."

शुक्रवार आला, कार्तिक वद्य दशमी. बाई पहाटेपासून जाग्या. नाहून, केस न विंचरताच मोबाईल घेऊन बसल्या. मराठीची ताजी यादी उघडली, वीस नावे वरून खाली वाचिली, मग खालून वर वाचिली. आरोह नाही. मग धीर करून ताईंस फोन लाविला आणि बोलिल्या, "पद्मजाताई, आवडलं नाही का तुम्हाला? नसेल आवडलं तर स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही." ताई बोलिल्या, "अगं, आवडायला यायला तर हवं! तुझं गाणं माझ्याकडे आलंच नाही. मी परवा दोनदा शोधलं. म्हटलं पोरीनं तारीख पुढे ढकलली वाटतं." बाई दोन जिने एका दमात उतरून, रिक्षा करून गडावर पोहोचल्या, तो तेथे यासीनमिया आणि ग्लेनराव आधीच येऊन लॅपटॉपात डोके घालून बसलेले. मियांचा चेहरा दळणासारखा पांढरा. आणि ग्लेनरावांचा चेहरा ऐसा फुललेला की तीन वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

ग्लेनराव बोलिले, "ऋजू, दोन हजार! सकाळचे नऊ वाजलेत आणि दोन हजार!" बाई म्हणाल्या, "कुठले दोन हजार? यादीत नावच नाही आपलं." मियांनी मान खाली घालून बोट ठेविले. माओरी यादी. बारा गाणी. सातवे नाव, आरोहा, ऋजुता गुरव आणि मंडळी. मग बाईंस ऐसे हसू फुटले की खालून पाटणेकाका विचारते जाहले, "काय झालं गं पोरी? पहिला नंबर आला का?" मिया मात्र काकुळतीस येऊन बोलिले, "हसू नकोस गं. एक अ जास्त लिहिला मी. माझं संस्कृत आजपासून बंद."

त्याच दिवशी परमुलखीहून पत्र आले. लिहिणारी मेरेआनाबाई, त्या बारा गाण्यांच्या यादीची तिकडील दिवाण, आणि तेथील रेडिओवरही तिचा अंमल. मियांनी इंग्रजीतून उलगडून सांगितले, आशय ऐसा. 'तुमचे गाणे आमच्या भाषेत नाही हे पहिल्याच ओळीस कळले. तरी शेवटपर्यंत ऐकिले. मग मावशीस ऐकविले. ती म्हणाली, शब्द कळत नाहीत पण ही मुलगी जिना चढते आहे. म्हणोन काढून टाकवेना, या शुक्रवारी राहू दिले. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ प्रेम. तुमच्याकडे काय?' बाईंनी उत्तर धाडिले, 'आमच्याकडे चढण.' पलीकडून लागलीच जबाब आला, 'म्हणजे एकच झाले की.' हे वाचून बाईंच्या अंगावर काटा आला. न पाहिलेल्या मुलखातील न पाहिलेल्या मावशीस आपला जिना दिसला! गाणाऱ्यास याहून दुसरी जहागीर कोणती? त्या दिवशी तिघांनी गडावर भेळ मागविली आणि काकांस वर बोलाविले आणि चारनंतरही गिरणी तासभर बंद राहिली, हे गिरणीच्या इतिहासात प्रथमच.

शनिवारी आकडा पाच हजारांवर गेला, रविवारी सकाळी आठ हजार नऊशे. बेटांवर पोरे खेळता खेळता ते सूर गुणगुणतात, ऐसे मेरेआनाबाईंनी लिहिले. शपथेस अकराशे कमी. ग्लेनराव शीळ घालीत बास गिटारीच्या तारा बदलू लागले, जो माणूस मस्कतास जाणार तो तारा कशास बदलील? बाईंनी ते पाहिले आणि जीव सुपाएवढा जाहला. परंतु मनात एक कुसळ सलत होते. ते काढल्याविना चैन पडेना म्हणोन बाईंनी परमुलखी पत्र धाडून विचारिले, 'तुमच्या यादीत दर शुक्रवारी बाराच गाणी का?' जबाब आला, 'आमची भाषा गाणारे थोडके. एवढ्याच जागा मिळतात, त्यासाठीही पुष्कळ भांडलो.' बाईंनी विचारिले, 'मग आमच्यामुळे तेरावे कोण राहिले?' जबाब आला, 'एक शाळामास्तरीण. वय चाळीस. तिचे पहिलेच गाणे. तुम्ही मनास लावून घेऊ नका, पुढे केव्हा तरी जागा होईल.'

बाईंनी मोबाईल उपडा ठेविला. मग उभयतांस बोलिल्या, "आपण दुसऱ्याच्या पंगतीत, दुसऱ्याच्या पाटावर बसलोय. ती बाई ताट घेऊन उभी आहे." ग्लेनराव बोलिले, "आपण मुद्दाम बसलो का? वाढलं त्यांनी, आपण जेवलो. ऋजू, अकराशे राहिलेत फक्त. उद्या होतील. मग काढ की!" आणि हेही खोटे नव्हते. यासीनमिया बोलिले, "काढलं तर सगळं काढावं लागेल. निघालेल्या गाण्याची भाषा बदलता येत नाही. उतरवायचं आणि नव्यानं चढवायचं. नवा जन्म. हे आठ हजार नऊशे गेल्या जन्मात राहणार." एकीकडे पथक, तीन वर्षांच्या दुपारी, ग्लेनरावांच्या नव्या तारा. दुसरीकडे कधी न पाहिलेली मास्तरीण. उद्यावर टाकावे तर मन म्हणे, उद्या दहा हजार झाल्यावर तुझ्याने काढवेल का? बाई स्वतःस ओळखून होत्या. बोलिल्या, "आपल्या वीस जागांपैकी एका जागेवर कोणी चुकून बसलं असतं आणि कळूनसुद्धा उठलं नसतं, तर मी त्याला काय काय बोलले असते ते तुम्हाला माहीत आहे. ग्लेन, तू सांग. तू नाही म्हणालास तर नाही काढत." ग्लेनराव बोलिले, "गाणं तुझं आहे. तू ठरव." हे बोलणे शिवीहून कठीण. बाईंनी "यासीन, उतरव," ऐसा हुकूम केला. मियांनी डोळे मिटून बटण दाबिले. आठ हजार नऊशे चाळीस जाऊन तेथे शून्य आले. ग्लेनराव उठले आणि चपला घालून निरोप न घेता खाली उतरले. जुन्या तारा तेथेच पडल्या होत्या त्या बाईंनी गुंडाळून ठेविल्या.

सोमवारी नवा फॉर्म भरिला. यासीनमिया शेवटचा ए खोडू लागले तो बाई बोलिल्या, "राहू दे तो अ. मावशींना नाव तेच माहीत आहे." भाषेच्या रकान्यावर बाईंनी स्वतः बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचिले, जैसे बालवाडीत वाचतात. मग पद्मजाताईंस फोन केला. ताईंनी सर्व हकिकत ऐकिली. मग बोलिल्या, "शहाणी आहेस. पण या शुक्रवारची यादी बंद झाली गं. तुझ्यासाठी उघडली तर उद्या सगळ्यांसाठी उघडावी लागेल. पुढच्या आठवड्यात ऐकेन." बाई "हो ताई" म्हणाल्या. पुढचा आठवडा म्हणजे महिनाअखेर. शपथेचे सात दिवस यादीविना काढणे, म्हणजे हिशेब दोनशेवर येऊन थांबला. ग्लेनरावांचा चार दिवस फोन नाही, निरोप नाही. बाईंनी दोनदा लिहून दोनदा पुसले. काय लिहावे? बोल लावू नये ऐसे ठरले होते आणि माफी मागण्याजोगे काही केले नव्हते, तरी माफी मागावीशी वाटे.

गुरुवारी अमावास्या. दुपारी चार वाजून गेले, काकांनी चक्की लाविली, माडी धडधडू लागली. बाई आणि मिया नुसते बसून होते. गाणे उद्या निघावयाचे, तोवर करणे काही नाही. इतक्यात जिना वाजला आणि ग्लेनराव वर आले. बाई उठून उभ्या राहिल्या. ग्लेनराव त्यांच्याकडे न पाहता बोलिले, "बास गिटारचं अँप न्यायला आलोय. मावसभाऊ घेणार आहे. मस्कतला कुठं नेऊ?" बाई म्हणाल्या, "ने ना." ग्लेनराव वाकून वायरी गुंडाळू लागले. मियांस ते पाहवेना, म्हणोन उगाच लॅपटॉप उघडून त्यात तोंड लपविले. आणि मग मिया ओरडले. खाली चक्की चालू असताही काकांस ऐकू गेले ऐसे ओरडले.

"आज काय वार आहे?" "गुरुवार," बाई म्हणाल्या. मिया बोलिले, "मग हे चाळीस लोक कोण? आपलं गाणं अजून निघालंच नाही!" पाहतात तो आकडा हलतो आहे. चाळीसाचे साठ, साठांचे एकशे दहा. घड्याळात साडेचार वाजून काही पळे झालेली. मग बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, "यासीन! तिकडे शुक्रवार लागला! सूर्य आधी उगवतो त्यांच्याकडे, तारीखसुद्धा आधी बदलते!" तिकडे मध्यरात्र, आणि त्या मध्यरात्री माणसे जागून मराठीच्या कप्प्यात शिरून, माहीत नसलेल्या भाषेत, माहीत असलेले गाणे शोधीत होती. यादीत नाव नाही, कोणी वाढून दिलेले नाही. तेवढ्यात मेरेआनाबाईंचे पत्र आले. मियांनी ते मोठ्याने वाचिले. 'आज रेडिओवर सांगितले की ते गाणे आपल्या घरी परत गेले आहे, ज्यास भेटावयाचे असेल त्याने घरी जावे. पत्ता दोनदा उच्चारून दाखविला, मराठी, मराठी. मास्तरीणबाईंचे गाणे आजपासून यादीत सातवे आहे. त्याही जाग्या आहेत. त्यांचे घरचे अकरा लोकही तुमच्या आकड्यात धरावे.'

दोनशे. तीनशे पंधरा. ग्लेनराव वायर हाती धरून तैसेच उकिडवे बसलेले. चारशे बारा जाहले तेव्हा हळूच बोलिले, "दहा हजार होणार नाहीत, यासीन." मिया म्हणाले, "नाही होणार." बाई म्हणाल्या, "नाही होणार, ग्लेन. मला माहीत आहे." ग्लेनराव बोलिले, "आपण शपथ घेतली ती यादीतून येणाऱ्यांची. हे पत्ता विचारत आलेत." मग आणिक बोलिले, "आमची आई म्हणते, पत्ता विचारत आलेला पाहुणा एकटा असला तरी चूल पेटवावी लागते. घराला कुलूप घालून जाता येत नाही." ऐसे म्हणोन राव उठले, आणि गुंडाळलेली वायर पुन्हा उलगडली, आणि अँप होते तेथे लाविले, आणि मोबाईल काढून मस्कतास दोन ओळींचे उत्तर लिहून धाडिले आणि धाडिल्यावर, "आता आईला कोण सांगणार?" ऐसे म्हणोन मटकन खाली बसले. बाई हसू लागल्या आणि हसता हसता हुंदके देऊ लागल्या. मियांनी दोघांच्या पाठीवर हात ठेविला, आणि काका खालून ओरडले, "काय चाललंय वर? बंद करू का चक्की?" आणि तिघेही एकदम ओरडले, "करा!" आणि काकांनी भर साडेचारला, गिऱ्हाईक रांगेत उभे असता, चक्की बंद केली. मग ग्लेनरावांनी खालचा सूर धरिला आणि बाईंनी सा लाविला. रांगेतील बाया डबे खाली ठेवून जिन्याकडे पाहू लागल्या.

तात्पर्य. सात दिवस भरले तेव्हा आकडा सात हजार तीनशे सहा. शपथ मोडली, हे बखरकाराने लपविणे योग्य नाही. मोडलेल्या शपथेस प्रायश्चित्त पाहिजे, ते मंडळींनी आपसांत ऐसे ठरविले की आणिक आठ गाणी करावी आणि तीही दुपारी एक ते चारमध्येच करावी. ग्लेनरावांच्या मातोश्री दोन दिवस बोलिल्या नाहीत, तिसरे दिवशी डब्यात तिघांपुरते कालवण घालून दिले. यासीनमियांचे संस्कृत पूर्ववत चालू आहे. जैसे घडले तैसे लिहिले, ज्यांस खरेखोटे करावयाचे त्यांनी गाणे ऐकून करावे.